वाचक विचारतात: खोऱ्यातली हक्का गावं, पुंटी गावं

गेल्या अंकात हाँगकाँगच्या ग्रामीण भागातल्या लाम त्सुएन खोऱ्यावर दोन पानं आली होती. एकाच नदीच्या खोऱ्यात पुंटी आणि हक्का या दोन समाजांची गावं शेजारी-शेजारी कशी वसली, एवढाच त्यांचा विषय. त्यावर धुळे, जळगाव, नंदुरबारहून बरीच पत्रं आली. काहींना तिथलं अधिक हवंय, काहींनी आपल्या गढ्या आणि धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छपराची, घरं मध्ये आणलीत. निवडक प्रश्नांना इथे उत्तरं देत आहोत. ज्या पत्रांत तीच विचारणा होती ती एकत्र केली आहेत.

हाऊ हक्का म्हंजे नूडल्सवाला हक्काच शे का भाऊ? (चोपडा)

हो, समाज तोच. नूडल्स मात्र त्यांच्या खेड्यातल्या नव्हेत, कोलकात्यातल्या. 18व्या शतकाच्या अखेरीपासून कोलकात्यात चिनी माणसं येऊन राहू लागली. त्यांतले हक्का लोक चामडं कमावणं आणि जोडे शिवणं या धंद्यांत शिरले, आणि टेंगरा भागात त्यांच्या टॅनऱ्या उभ्या राहिल्या. तिथल्या खानावळींत सोया सॉस, हिरवी मिरची, कोबी घालून जो प्रकार जमला तो देशभर गेला. चोपड्याच्या गाडीवरची प्लेट हाँगकाँगच्या हक्का म्हातारीपुढे ठेवलीत तर ती विचारेल, हे काय? तिच्या घरचं जेवण म्हणजे मिठात भाजलेली कोंबडी, खारवून सुकवलेल्या मोहरीच्या पाल्यात शिजवलेलं डुकराचं मांस आणि सारण भरलेलं टोफू. पुंटी गावांत मोठ्या कार्याला ‘पून चोय’ असतं. एकाच खोल परातीत तळाला मुळा आणि डुकराचं कातडं, वर मांस, कोंबडी, कोळंबी असे थर रचतात आणि टेबलाभोवतीची सगळी मंडळी त्या एकाच परातीतून खातात.

दोघेही चिनीच, मग वेगळे कसे? आणि पुंटी सखल भागात, हक्का डोंगराच्या कडेला, असं का झालं? (यावल, आणि याच अर्थाची तीन पत्रं)

फरक जातीचा नाही, धर्माचाही नाही. भाषेचा आणि आधी-नंतर येण्याचा आहे. पुंटी कँटोनीजच्या स्थानिक बोली बोलतात, हक्कांची भाषा निराळी. एकाला दुसऱ्याचं ऐकून सरळ समजत नाही. पुंटी घराणी सोंग राजवटीपासून (960 ते 1279) या भागात येऊन स्थिरावली. तांग, हाऊ, पांग, लिऊ आणि मान ही त्यांतली पाच बडी घराणी. पहिल्यांदा येणाऱ्याने जे घ्यायचं तेच त्यांनी घेतलं: नदीलगतची सपाट, गाळाची, भाताला पाणी पुरवणारी जमीन.

मग 1661 साल आलं. तैवानकडे सरकलेल्या विरोधकांना किनाऱ्यावरून रसद मिळू नये म्हणून चीनच्या चिंग दरबाराने दक्षिण किनाऱ्यावरची वस्तीच उठवली. समुद्रापासून 50 ली, म्हणजे साधारण 25 किलोमीटर आत सरकण्याचा हुकूम निघाला. घरं पाडली, शेतं पडीक पडली, माणसं वाटेत मेली. 1669 मध्ये बंदी उठली तेव्हा परतणारे थोडेच होते. रिकामी जमीन पुन्हा लागवडीखाली यावी म्हणून सरकारने बाहेरच्या शेतकऱ्यांना बोलावलं. ग्वांगदोंग प्रांताच्या ईशान्येकडच्या डोंगराळ मुलखातून जे आले त्यांत मोठा भरणा हक्कांचा होता. तोवर परतलेल्या पुंटी घराण्यांनी सखल जमिनीवर हक्क सांगून झाला होता. हक्कांच्या वाट्याला खोऱ्याचा वरचा, अरुंद, दगडगोट्यांचा भाग आला, नाहीतर पुंटी जमीनदाराचं कूळ होणं आलं.

गावाचा आकार, भिंत, घराची मांडणी, बायकांची कामं, सगळं या एका गोष्टीपाशी येऊन थांबतं: पाणी आणि सपाटी कुणाला आधी मिळाली. खानदेशातल्या वाचकाला हे नवं वाटू नये. 1803-04 चा दुष्काळ आणि त्या काळातली लूटमार यांनी इथलीही गावंच्या गावं ओस पडली. 1818 नंतर इंग्रजी अंमलात ती हळूहळू पुन्हा भरत गेली. नदीकाठच्या उंचवट्यावर पांढरी (वस्तीची जमीन) आणि लगोलग काळी (शेतीची), असं ज्या गावाचं गावठाण आहे ते बहुधा जुनं. मुरमाड कडेला लागलेली वाडी बहुधा नंतरची. लाम त्सुएनमध्येही हाच आडाखा बव्हंशी लागू पडतो. बव्हंशी म्हणायचं कारण, काही गावं मिश्र आहेत आणि काही हक्का घराण्यांनी पुढे पैसा करून खालची जमीनही घेतली.

दोन पत्रांत ‘हक्का-पुंटी युद्धा’चा उल्लेख आहे. 1855 ते 1867 दरम्यान ते खरोखर झालं आणि फार भयंकर झालं, पण पर्ल नदीच्या मुखाच्या पश्चिमेकडच्या जिल्ह्यांत. लाम त्सुएनमध्ये चित्र उलटं दिसतं. फोंग मा पो इथलं समुद्रदेवी तिन हाऊचं मंदिर दोघांचं सामाईक. 1892 मध्ये ताय पोच्या जुन्या बाजारावरची तांग घराण्याची मक्तेदारी मोडायला सात ग्रामसंघांनी मिळून नवा बाजार काढला, त्यांत लाम त्सुएनचा संघही होता.

आमच्याकडे पांझरेवर फड बागायत आहे. तिकडे पाणीवाटप कसं होतं? (साक्री)

फडाची शिस्त इतरांसाठी आधी दोन ओळींत: नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी सोडायला पाटकरी आणि राखणीला जागल्या.

खोऱ्यातली रचना याहून लहान मापाची आहे. ओढ्यात दगडांचा बुटका बांध, त्याच्या बाजूने काढलेली अरुंद चारी, चारीतून पहिल्या खाचरात आणि पहिल्या खाचरातून पुढच्यात. वर्षाला भाताची दोन पिकं. पहिलं उन्हाळ्याच्या मध्यावर निघतं, दुसरं साधारण नोव्हेंबरात. हक्का गावांत खाचरं पायऱ्यांची. पायरीची भिंत ओढ्यातल्या गोट्यांची, बिनचुन्याची, आत किंचित कललेली. तळाला चिखलाचा तुडवून घट्ट केलेला थर असतो, पाणी तोच धरून ठेवतो. वरच्या खाचराचा निचरा हाच खालच्याचा पुरवठा, म्हणून वरच्या माणसाने बांध फोडायची वेळ चुकवली की खालचे पाच जण अडतात.

बिघाड कुठे होतो ते तुम्हाला सांगायला नको, पण तिथला क्रम वेगळा आहे. 1950-60च्या दशकांत तरुण माणसं इंग्लंडला हॉटेलांत कामाला गेली आणि सर्वांत वरची, सर्वांत कष्टाची खाचरं आधी सुटली. वरची चारी गाळाने आणि गवताने बुजली. मग पावसाचं पाणी चारीऐवजी पायरीच्या भिंतीवरून पडू लागलं. कोरड्या दगडांच्या भिंतीमागची माती धुपली, भिंत पोटातून फुगली, ढासळली, आणि तो राडारोडा खालच्या चालू शेतात. दुरुस्ती म्हणूनच वरून खाली करतात, आणि भिंतीच्या आधी चारी. ईशान्य टोकाच्या लाय ची वो या हक्का गावात 2013 पासून विद्यापीठ, स्वयंसेवक आणि मूळ रहिवासी यांनी मिळून पडीक खाचरं पुन्हा लावणीखाली आणली, त्याची सुरुवात पाण्याच्या वाटा मोकळ्या करण्यापासून झाली.

आमच्या गावाला गढी आहे. तिथल्या तटबंदीच्या गावांना गढी म्हणता येईल का? (शिंदखेडा)

म्हणू नका. गढीत पाटील-देशमुखाचं कुटुंब राहायचं आणि गाव बाहेर असायचं. तिथल्या ‘वाय’मध्ये अख्खं गाव भिंतीच्या आत असतं. सर्वांत चांगला नमुना कम तिनमधलं कात हिंग वाय, तांग घराण्याचं, म्हणजे पुंटी. वस्ती पंधराव्या शतकातली. समुद्री चाच्यांचा आणि दरोडेखोरांचा उपद्रव वाढल्यावर सतराव्या शतकात तिला भिंत घातली. साधारण 100 मीटर बाय 90 मीटरचा चौकोन, भिंत सुमारे 5 मीटर उंच, चार कोपऱ्यांत चार बुरूज, बाहेर खंदक, आणि आत जायला एकच अरुंद दार. दारातून सरळ गल्ली जाते ती समोरच्या टोकाच्या देवळाशी. तिच्या दोन्ही अंगांना काटकोनात बोळ आणि बोळांत घरांच्या ओळी. दाराला लोखंडी कड्यांची झडपं आहेत. 1899 च्या एप्रिलमध्ये इथल्या गावांनी हा भाग ताब्यात घेणाऱ्या इंग्रजांना विरोध केला तेव्हा ती उपटून नेली, गव्हर्नर ब्लेकच्या आयर्लंडमधल्या घरी लावली, आणि गावाने मागणी लावून धरल्यावर 1925 मध्ये परत आली.

हक्का तटबंदीत वेगळी भिंत सहसा नसतेच. घरांची मागची बाजू हीच बाहेरची भिंत. त्सुएन वानचं साम तुंग उक (1786, चान घराणं) असं आहे: मध्यरेषेवर एकामागे एक तीन दालनं, शेवटचं पूर्वजांचं, आणि बाजूंना व मागे घरांच्या ओळी. शा तिनमधलं त्सांग ताय उक मात्र श्रीमंताचं काम. दगडखाणीत पैसा केलेल्या हक्का पाथरवटाने 1847 मध्ये ते बांधायला घेतलं, म्हणून त्यात ग्रॅनाइट सढळ आहे आणि कोपऱ्यांना बुरूजही आहेत.

समाजमाध्यमांवर फिरणारं ते गोल, चार मजली, मातीचं घर हाँगकाँगचं नाही. ते फुजियान प्रांतातलं ‘तुलोऊ’. तशा 46 वास्तू 2008 मध्ये जागतिक वारशात आल्या. हाँगकाँगच्या हक्का वस्त्या चौकोनी असतात.

शाळेच्या प्रदर्शनात कात हिंग वायची प्रतिकृती करायची आहे. मापं आणि साहित्य सांगा. (शिक्षिका, एरंडोल)

ताई, 1:100 चं प्रमाण घ्या, हिशेब सोपा होतो. 120 बाय 110 सेंटीमीटरचा प्लायवूडचा पाट, त्यावर 100 बाय 90 चा चौकोन आखा. भिंत 5 सेंटीमीटर उंच. बुरूज उठून दिसावेत म्हणून 7-8 ठेवा. भिंतीबाहेर 4-5 सेंटीमीटरची निळी पट्टी म्हणजे खंदक. मधली गल्ली 3 सेंटीमीटर, बोळ 1.5. घरं वेगळी-वेगळी करत बसू नका. 8 सेंटीमीटर खोलीची लांब चाळ करून तिच्यावर दर 4 सेंटीमीटरला दार काढा, कारण खरी घरंही एकमेकांना भिंत लावूनच आहेत.

कौलांसाठी पॅकिंगच्या खोक्याचा पुठ्ठा ओला करून वरचा कागद सोला, आतली नागमोडी बाजू उघडी पडते. तिच्या रेषा आढ्याकडून वळचणीकडे उतरल्या पाहिजेत. मुलं हमखास आडव्या लावतात आणि मग छपराची पन्हाळी होते. थर्माकोल वापरलात तर त्याला पांढरा फेविकॉलच लावा, पंक्चरचं सोल्युशन थर्माकोल खातं. रंग विटकरी नको: पांढऱ्यात काळा आणि थेंबभर निळा. भिंतीचा तळ, अर्धा सेंटीमीटर, दगडी करड्या रंगाचा ठेवा.

तिथल्या विटा राखाडी का? माती वेगळी की भाजणी? (रावेर)

भाजणी. आपल्या भट्टीत शेवटपर्यंत हवा खेळते, मातीतलं लोह पूर्ण ऑक्सिजन घेतं आणि वीट लाल होते. तिथे भाजणी संपत आली की भट्टीची तोंडं लिंपून टाकतात आणि माथ्यावरून थोडं-थोडं पाणी सोडतात. आत वाफ धरते, हवा मिळत नाही, लोहाचं रूप बदलतं आणि वीट निळसर राखाडी होते. घाई करून भट्टी उघडली तर वीट पुन्हा तांबूस होते. असं काम महाग, म्हणून अशा विटा पुंटी घराण्यांच्या पूर्वजगृहांत आणि सधन घरांत दिसतात. साध्या हक्का घराला खाली दगडाचं जोतं, वर कच्च्या विटा किंवा ठोकलेली माती, आणि वरून चुना. चुनाही शिंपल्यांचा किंवा प्रवाळाचा, समुद्रकाठी भाजलेला.

आजोबांचं धाब्याचं घर आहे. भिंती खालून भुगा होतायत. गवंडी सिमेंटचा गिलावा मारू म्हणतो. पुतण्या म्हणतो, हक्कांसारखी ठोकलेल्या मातीची भिंत घालू. काय करावं? (अमळनेर)

दोन्ही नको, निदान या घराला नको.

सिमेंट आधी. मातीच्या भिंतीत जमिनीतून आणि धाब्यातून ओल येतच असते, ती भिंतीच्या अंगातून उडून जाते. वर सिमेंटचं कातडं चढलं की ओल आत कोंडते, आतली माती मऊ होते, आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलाव्याचा पापुद्रा माती घेऊन सुटतो. तोवर बाहेरून सगळं ठणठणीत दिसतं, हाच खरा धोका. तिथल्या हक्का घरांचाही हाच अनुभव आहे. चुन्याचा मूळ गिलावा काढून सिमेंट लावलेली घरं आतून पोकळ निघतात.

ठोकलेल्या मातीची भिंत नव्या बांधकामाला उत्तम, जुन्याला ठिगळ म्हणून निरुपयोगी. साच्यात माती ठोकताना बसणारे हादरे शेजारची जुनी भिंत उकलतात. पुतण्याला हौस असेल तर परसात नवी खोली बांधू द्या. त्यासाठी एवढं सांभाळायचं:

काळी माती अजिबात नको. भिजली की फुगते, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा. मुरूम, नदीची जाड रेती आणि पिवळसर चिकण माती यांचं मिश्रण लागतं. काचेच्या सरळ बाटलीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर मीठ. खळखळून हलवा आणि ठेवा. मिनिटाभरात बसते ती रेती, दोन तासांत बसतो तो गाळ, दुसऱ्या दिवशी वर दिसते ती चिकण. रेती-खडी 60 ते 70 टक्के आणि चिकण 15 ते 25 टक्के असावी. ओलावा पाहायला मुठीत गोळा वळून छातीच्या उंचीवरून सोडा. तीन-चार ढेकळं झाली तर बरोबर. चपटा होऊन बसला तर पाणी जास्त, भुकटी झाली तर कमी.

भिंत 45 सेंटीमीटर जाड, खाली दगडाचं जोतं जमिनीवर किमान 45 ते 60 सेंटीमीटर. साच्यात एका वेळी 15 सेंटीमीटर सैल माती घालायची, 6-7 किलोच्या धुमसाने ठोकत 10 वर आणायची. ठोक्याचा आवाज भद् वरून टणक होतो, तेव्हा थांबायचं. भिंत पावसाच्या माऱ्यात असेल तर मातीत 6 ते 8 टक्के सिमेंट किंवा चुना. काम दिवाळीनंतर महाशिवरात्रीपर्यंत. एप्रिल-मेच्या उन्हात वरचा पापुद्रा आधी वाळतो आणि फाटतो.

आता तुमच्या जुन्या भिंतीचं. भुगा झालेला भाग हाताला घट्ट लागेपर्यंत खरवडा, पण एका वेळी दोन-अडीच फुटांपेक्षा जास्त लांबी उघडी करू नका आणि वरच्या तुळईला टेकू द्या. पोकळी कच्च्या विटांनी आणि त्याच मातीच्या गाऱ्याने भरा. गारा भुसा घालून आठ दिवस कुजवलेला असावा, रोज एकदा तुडवून. महिनाभर वाळल्यावर चुन्याचा गिलावा: भिजवून मुरलेला चुना एक भाग, रेती तीन भाग, दोन हात, प्रत्येक 10-12 मिलिमीटर. आठवडाभर गोणपाट ओलं ठेवा. आणि भिंतीच्या पायाशी बाहेर साचलेली माती, न्हाणीचं पाणी, कुंड्या आधी हटवा, नाहीतर वरचं सगळं वाया.

खरा दोष मात्र बहुतेक घरांत धाब्यात असतो. दरवर्षी जुन्या थरावर नवी खारी माती टाकत गेलं की थर वाढतो. 15 सेंटीमीटरच्या थराचं वजन चौरस मीटरला सुमारे 250 किलो. 30 झाला की 500, आणि भिजल्यावर त्याहून जास्त. तुळया वाकतात, मध्ये खळगा पडतो, पाणी तिथेच थांबतं. आधी जुना थर 15 वर आणा, मग नवी माती, पन्हाळाकडे दर 40 ला 1 उतार. पन्हाळ भिंतीपासून दीड फूट तरी पुढे हवा. खारी माती धाब्यावर चांगली, कारण ती भिजली की तिचे कण सुटे होऊन बारीक छिद्रं बुजवतात. त्याच गुणामुळे ती भिंतीत वाईट, तिथे सुटी होऊन गळते. पण ती हवी म्हणून गढीची माती खणून आणू नका.

तुळईची टोकं भिंतीत जिथे शिरतात तिथे वाळवी पहिली लागते. पेचकस टोचून पाहा. अर्ध्या इंचाहून आत गेला तर टोक बदलायला झालं. टोकाभोवती बोटभर फट हवेला ठेवा, चिखलाने लिंपू नका. हक्का घरांतही छपराच्या वाशांचं हेच टोक आधी जातं. तिथे वर्षाला सुमारे 2400 मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणून उतरतं कौल. आपल्याकडे 600-750 आणि वैशाखाचं ऊन, म्हणून जाड मातीचं धाबं. कौल घालून धाबं काढलंत तर मे महिन्यात आमची आठवण काढाल, आणि ती चांगली नसेल.

गावामागे राखलेलं रान म्हणजे आपली देवराई का? (धडगाव)

दिसायला जवळ, हेतू निराळा. ते रान देवाचं नसतं, गावाच्या जागेचं असतं. गावाच्या पाठीशी चंद्रकोरीसारखा झाडांचा पट्टा, पुढे भातखाचरं किंवा तळं. वड, कापूर, धूपझाड, बांबू, लिची, लाँगान अशी झाडं. तोड मना. थंडीतला उत्तरेचा वारा अडतो, उतारावरची माती धरली जाते, ओढा उन्हाळ्यात तग धरतो. गावकरी याला फेंगशुई म्हणतात. दिवाणखान्यात ठेवायच्या काचेच्या कासवाशी त्याचा संबंध नाही.

तिथे सातबारा आहे का? जमीन घराण्याची की माणसाची? मुलींना हिस्सा मिळतो का? (भुसावळ)

1898 मध्ये इंग्रजांनी हा भाग 99 वर्षांच्या पट्ट्याने घेतला आणि लगेच मोजणी लावली. ती मोजणी करायला सर्व्हे ऑफ इंडियाची माणसं इथूनच गेली होती. त्या नकाशांवर 1905 चे सामूहिक पट्टे झाले: कोणता तुकडा, किती, कुणाच्या नावे. आजही जुन्या शेतजमिनीचा व्यवहार त्याच मोजणीच्या तुकडा-क्रमांकाने होतो. त्या वेळी अनेक ठिकाणी प्रत्यक्ष कसणाऱ्याचं नाव लागलं आणि जुन्या पुंटी जमीनदारांचा, कागदावर कधी न आलेला, हक्क गेला. आपल्याकडच्या कूळकायद्याचं पुढे झालं तसं काहीसं, फक्त अर्धशतक आधी.

घराण्याची सामाईक जमीन ‘त्सो’ किंवा ‘तोंग’ नावाने असते. उत्पन्नातून पूर्वजांची पूजा, दुरुस्ती, उरलेलं पुरुष वारसांत. विकायला प्रघाताने सगळ्यांची संमती लागत आली, त्यामुळे कित्येक तुकडे अडकून पडलेत. मुलींना 1994 पर्यंत रूढीने ग्रामीण जमिनीचा वारसा नव्हता, त्या वर्षी कायदा बदलला. त्सो-तोंगमध्ये मात्र अजूनही पुरुष वंशच चालतो.

शिवाय 1972 चं ‘लहान घर’ धोरण आहे. 1898 मध्ये मान्यताप्राप्त गावात राहणाऱ्याचा पुरुष वंशातला, 18 पूर्ण झालेला मुलगा आयुष्यात एकदा घर बांधायची परवानगी मागू शकतो: तीन मजले, 27 फूट उंची, मजल्याला 700 चौरस फूट. त्याला न्यायालयात आव्हान दिलं गेलं, 2021 मध्ये अंतिम न्यायालयाने धोरण कायम ठेवलं. गावोगाव कौलारू ओळी पाडून एकसारखी तीन मजली चौकोनी घरं उभी दिसतात, ती याची फळं. जुनं घर जपण्यापेक्षा पाडण्यात पैसा आहे, आणि त्यापुढे वारशाची भाषा फिकी पडते.

आमची गावं उकाईच्या फुगवट्यात गेली. तिकडेही धरणात गावं गेलीत का? (नवापूर)

गेलीत. प्लोव्हर कोव्ह जलाशयासाठी, जो 1968 मध्ये पुरा झाला, सहा हक्का गावं उठली आणि माणसं ताय पोच्या इमारतींत आली. हा जलाशय मात्र डोंगरातल्या खोऱ्यात नव्हे, समुद्राची खाडी अडवून झाला.

मुलगा हाँगकाँगला आहे, दिवाळीनंतर जाणार आहोत. एका दिवसात काय पाहता येईल? (जळगाव)

भारतीय पासपोर्टवर 14 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण निघण्याआधी ऑनलाइन पूर्वनोंदणी करून तिचा कागद छापून जवळ ठेवावा लागतो. पासपोर्टवरचं नाव आणि नोंदणीतलं नाव अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये येतं आणि तिथेच घोळ होतो.

सकाळी मेट्रोने कम शेउंग रोड स्थानक. तिथून कात हिंग वाय पायी पंधरा मिनिटांवर. दारातल्या पेटीत थोडे पैसे टाकायचा रिवाज आहे, सुटी नाणी ठेवा. आतली बहुतेक घरं नवी आहेत. पाहायचं ते भिंत, बुरूज, दार आणि गल्ल्यांची आखणी. तिथून 64के क्रमांकाची बस घाट चढून लाम त्सुएनमध्ये उतरते. उजवी-डावीकडे पाहत राहा: वर चढताना गावं लहान आणि कड्याला चिकटलेली, खाली उतरल्यावर मोठी आणि पसरलेली. फोंग मा पोला उतरा. तिन हाऊचं मंदिर आणि नवसाचं झाड तिथेच. पूर्वी लोक संत्र्याला कागद बांधून झाडावर फेकत. 2005 मध्ये फांदी तुटून माणसं जखमी झाली तेव्हापासून खऱ्या झाडावर फेकायला बंदी आहे, शेजारच्या नकली झाडावर प्लास्टिकची संत्री फेकतात. पुन्हा 64के ने ताय पो मार्केट. तिथल्या फू शिन रस्त्यावर सात संघांनी बांधलेलं मान मो मंदिर भर बाजारात आहे. वेळ उरला तर मेट्रोने त्सुएन वान, स्थानकापासून पाच मिनिटांवर साम तुंग उक. हे संग्रहालय आहे, त्यामुळे आत शिरून निवांत पाहता येतं. सुट्टीचा वार आधी बघून घ्या.

पूर्वजगृहाचा उंबरठा ओलांडायचा, त्यावर पाय द्यायचा नाही. पूर्वजांच्या नावांच्या पाट्यांकडे पाठ करून फोटो नको. दारातली कुत्री खरोखर चावरी असतात, बोळात शिरताना हाक द्या. बसमध्ये सुटे परत मिळत नाहीत, तेव्हा भाड्यासाठी ऑक्टोपस कार्ड (आधी पैसे भरलेलं) घ्या. डाळ-भाताची सोय खेड्यात नाही. शाकाहारी असाल तर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पिशवीत असू द्या, उघड्यावर खायला कुणी हरकत घेत नाही.